ॲडम्स ते माउंट होप: सुझन बी. अँथनीच्या मागावर सात दिवस

सुझन बी. अँथनीचं नाव अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराशी कायमचं जोडलेलं आहे. पण तिची वंशावळ कागदोपत्री लावायला बसलं की पहिली तीस वर्षं तिचं नाव जवळजवळ सापडतच नाही. सापडतात ते वडील, मामा, मेहुणे. हे शोधणाऱ्याच्या आळसामुळे होत नाही. त्या काळच्या कायद्याने बायकांची नावं कागदावर येऊच दिली नाहीत. म्हणून हा प्रवास आखताना प्रत्येक मुक्कामी एकच प्रश्न हातात धरावा: इथे ही बाई कोणाच्या नावाआड लपली आहे?

वाट सोपी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला ॲडम्स, तिथून न्यूयॉर्क राज्यात बॅटनव्हिल, कॅनाजोहरी, रॉचेस्टर आणि कॅनन्डेग्वा. अँथनी कुटुंब ज्या क्रमाने हललं, त्याच क्रमाने जायचं. गाडी भाड्याने घ्यावी लागते. न्यूयॉर्कमार्गे येणार असाल तर ऑल्बनी विमानतळ बरा पडतो, तिथून ॲडम्स सव्वा ते दीड तासावर आहे. जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. हिवाळ्यात या भागातली छोटी संग्रहालयं बंद तरी असतात, नाहीतर आठवड्यातून दोनच दिवस उघडतात.

निघण्यापूर्वीचं काम घरीच उरकावं. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर जनगणनेच्या याद्या आणि न्यूयॉर्कच्या बऱ्याच जिल्ह्यांच्या जुन्या जमीनव्यवहारांच्या वह्या बघता येतात. जे पडद्यावर दिसतं त्यासाठी तिथे जाऊन वेळ घालवू नये. प्रवासाचा वेळ गहाणखतं, वारसाचे कागद, नकाशे आणि प्रत्यक्ष जागा यांच्यासाठी राखावा. सोबत एक मोठा कागद असावा, त्यावर प्रत्येक स्त्रीचं माहेरचं आडनाव वेगळ्या रंगात लिहावं. आईकडून रीड आणि रिचर्डसन, वडिलांकडून अँथनी, लॅपहॅम आणि हिक्स. रीड हे नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं: आर-ई-ए-डी, आर-ई-ई-डी, आर-ई-आय-डी. सूचीत तिन्ही ठिकाणी पाहिल्याशिवाय 'नोंद नाही' असं लिहू नये.

पहिला दिवस: ॲडम्स

गाव ग्रेलॉक डोंगराच्या पायथ्याशी आहे. हा मॅसॅच्युसेट्समधला सर्वांत उंच डोंगर, १,०६३ मीटर. सुझनचा जन्म १५ फेब्रुवारी १८२० रोजी इथल्या ईस्ट रोडवरच्या घरात झाला आणि ते घर आता संग्रहालय आहे. सकाळी आधी तिथे जावं, कारण पुढचं सगळं या घराच्या मांडणीवरून समजतं. वडील डॅनियल अँथनीने १८२२ साली जवळच्या टॉफेट ओढ्यावर २६ मागांची सुती कापडाची गिरणी काढली. गिरणीत काम करणाऱ्या काही मुली याच घरात राहायला-जेवायला असत. त्यांचा स्वयंपाक, धुणं, अंथरुणं हे सगळं आई लुसीच्या अंगावर, तेही अंगावरची पोरं सांभाळून. गिरणीच्या हिशेबात या कामाचा एक पैसाही दिसत नाही. घर बघताना स्वयंपाकघर आणि चूल यांच्याकडे दुप्पट वेळ द्यावा, असं सुचवावंसं वाटतं.

डॅनियल क्वेकर, म्हणजे साधेपणा आणि अहिंसा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, लुसी रीड बाप्टिस्ट या दुसऱ्या पंथाची. १८१७ साली त्यांचं लग्न झालं. जातीबाहेर लग्न केल्यावर आपल्याकडे जसं पंचांपुढे उभं राहावं लागे, तसंच डॅनियललाही आपल्या मीटिंगपुढे, म्हणजे पंथाच्या स्थानिक मंडळीपुढे, खुलासा करावा लागला. लुसी पुढेही क्वेकर झाली नाही. वंशावळ शोधणाऱ्याला याचा थेट परिणाम भोगावा लागतो. वडिलांचं घराणं क्वेकर वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सलग मिळतं, आईचं मात्र तिथे मिळत नाही. रीड घराण्यासाठी नगराच्या नोंदी, वारसा न्यायालय आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे कागद, असा वेगळाच रस्ता धरावा लागतो. लुसीचा बाप डॅनियल रीड हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माणूस. त्याच्याच नावावर सुझनला उतारवयात 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेचं सभासदत्व मिळालं. शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर आजोबांच्या नावावर ते मिळालं नसतं.

दुपारी मेपल स्ट्रीटवरच्या स्मशानात जावं. तिथे १७८०च्या दशकातलं क्वेकर सभागृह उभं आहे. लाकडी आहे, साधं आहे, त्यावर कळस नाही की घंटा नाही. आतली जागा आडव्या फळ्यांनी दोन भागांत विभागता येते, कारण स्त्री-पुरुषांच्या कामकाजाच्या बैठका वेगळ्या होत आणि दोघांची इतिवृत्तंही वेगळी लिहिली जात. बाहेरच्या गवतात आजोबा हम्फ्री अँथनी, आजी हॅना लॅपहॅम यांच्या पिढीचे लोक पुरले आहेत, पण जुन्या क्वेकरांना थडग्यावर दगड ठेवणं दिखाऊपणाचं वाटे. बरेच जण इथेच चुकतात. दगड नाही म्हणून माणूस इथे नाही, असं समजून पुढच्या गावाला धावतात. क्वेकर भागात दगडांवर विसंबूच नये, वहीवर विसंबावं.

त्या वह्या ॲडम्समध्ये नाहीत. इथल्या मीटिंगचं नाव ईस्ट हूसॅक मंथली मीटिंग, आणि तिच्यासारख्या, न्यूयॉर्क इयरली मीटिंग या वरच्या संघटनेखालच्या मीटिंगांच्या वह्या पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत ठेवलेल्या आहेत. त्यांच्या प्रतिमा प्रवासाआधीच उतरवून घ्याव्यात. वाचताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. क्वेकर लोक महिन्यांची नावं लिहीत नसत, क्रमांक लिहीत: 'तिसरा महिना'. १७५२पूर्वीच्या नोंदीत वर्ष मार्चपासून धरलं जाई, म्हणून तिसरा महिना म्हणजे मे. १७५२नंतर तोच तिसरा महिना मार्च होतो. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत, रूपांतर शेजारच्या रकान्यात करावं. वारांचंही तसंच, 'पहिला दिवस' म्हणजे रविवार. दुसरी गोष्ट १८२७-२८ची फूट. त्या वर्षांत क्वेकरांचे हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे दोन तट पडले, अनेक गावांत एकाच नावाच्या दोन मीटिंगा झाल्या आणि वह्याही दोन. एका वहीतून माणूस अचानक गायब झाला तर तो मेला असं समजू नये, दुसरी वही उघडावी.

दुसरा दिवस: खरेदीखतं आणि पिट्सफील्ड

बर्कशायर जिल्ह्यात जमीननोंदणीची तीन वेगवेगळी कार्यालयं आहेत: उत्तरेचं ॲडम्समध्ये, मधलं पिट्सफील्डला, दक्षिणेचं ग्रेट बॅरिंग्टनला. बाहेरून येणारे सरळ पिट्सफील्डला जातात आणि रिकाम्या हाताने परततात. अँथनींचे व्यवहार बघायला ॲडम्सचंच कार्यालय गाठावं. सूची दोन असतात, एक देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. दोन्ही बघाव्यात. खरेदीखताच्या शेवटी बहुधा एक छोटं वाक्य येतं: अमुकची पत्नी आपला विधवाहक्क (नवऱ्यामागे त्याच्या जमिनीत मिळणारा वाटा) सोडून देते. तिचं नाव लिहिलेलं असेल तर कधीकधी सबंध कागदात स्त्रीचं नाव येण्याची ती एकच जागा असते. अर्धवट वाचून पान उलटलं की ते हुकतं. विकलेल्या जमिनीच्या चतुःसीमा पूर्ण उतरवून घ्याव्यात. पूर्वेला कोण, ओढ्यापलीकडे कोण, यावरून शेजारी कळतात, आणि शेजारी म्हणजे बहुतेक वेळा सोयरे.

आणखी एक खाचखळगा. नॉर्थ ॲडम्स हे वेगळं गाव १८७८ साली झालं. त्याआधीच्या कागदात 'ॲडम्स' म्हटलं असेल तर ती जागा आजच्या नॉर्थ ॲडम्समध्येही असू शकते.

पुढे २५ किलोमीटरवर पिट्सफील्ड. इथे दोन कामं आहेत. बँक रो रस्त्यावरच्या न्यायालयात वारसा आणि मृत्युपत्रांच्या नोंदी, आणि बर्कशायर अथेनियम या सार्वजनिक ग्रंथालयातला स्थानिक इतिहासाचा विभाग. न्यायालयात रीड नावाच्या फायली मागताना नुसतं मृत्युपत्र मागू नये, संपूर्ण पाकीट मागावं. मृत्युपत्रात 'माझी मुलगी लुसी' एवढंच असतं. पाकिटात मालमत्तेची यादी, कर्जदारांची यादी, वाटणीच्या पावत्या असतात, आणि पावतीवर मुलगी नाही तर जावई सही करतो, कारण विवाहित स्त्रीचा पैसा कायद्याने नवऱ्याचा. जावयाच्या सहीवरून मुलगी ओळखायची, हे एकदा डोक्यात बसलं की फाइल बोलायला लागते.

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यव्यापी जन्म-मृत्यूनोंद १८४१ साली सुरू झाली. म्हणून सुझनच्या जन्माचा राज्याचा दाखला असूच शकत नाही. तो मागून कारकुनाचा आणि आपला वेळ घालवू नये.

अँथनी घराण्याचं अमेरिकेतलं मूळ याहून मागे, ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्समथला जातं. जॉन अँथनी १६३४ साली 'हर्क्युलिस' जहाजातून इंग्लंडहून आला. त्याच्या वंशातला डेव्हिड अँथनी, बायको ज्युडिथ हिक्स आणि मुलं, ही मंडळी स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमाराला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या डार्टमथहून बर्कशायरच्या डोंगरात आली. हम्फ्री हा त्यांचाच मुलगा. डार्टमथहून येताना मीटिंगने दिलेलं स्थलांतराचं प्रमाणपत्र हा इथला सर्वांत मोलाचा कागद. एका मीटिंगने 'ही मंडळी आमच्याकडे नीट वागत होती, कर्ज नाही' असं लिहून द्यायचं आणि दुसरीने ते वाचून दाखल करून घ्यायचं. म्हणजे एका स्थलांतराच्या दोन नोंदी मिळतात. एक हरवली तर दुसरी सापडते. या आठवड्यात किनाऱ्याकडे जायची गरज नाही, तो भाग छापील आणि डिजिटल नोंदींवर उत्तम भागतो.

संध्याकाळी ॲडम्सच्या मुख्य रस्त्यावर २०२१ साली बसवलेला सुझनचा पुतळा बघून मुक्काम करावा.

तिसरा दिवस: बॅटनव्हिल आणि सेंटर फॉल्स

ॲडम्सहून विल्यम्सटाउन, हूसिक, केंब्रिज करत ग्रिनिचकडे सुमारे ७० किलोमीटर. १८२६ साली जॉन मॅक्लीन नावाच्या गिरणीमालकाच्या बोलावण्यावरून डॅनियल कुटुंबासह याच दिशेने निघाला. सुझन तेव्हा सहा वर्षांची.

बॅटनव्हिल हे बॅटन किल नदीच्या काठचं चिमुकलं गाव. रस्ता क्रमांक २९ला लागून अँथनींचं विटांचं मोठं घर आहे, १८३२-३३मध्ये बांधलेलं. ते रस्त्यावरून दिसतं. आत जाता येईल का, याची चौकशी आधी करून ठेवावी, नुसतं जाऊन दार वाजवू नये. रस्त्याला पदपथ नाही आणि गाड्या वेगात येतात, तेव्हा गाडी पूर्ण बाजूला घेऊनच थांबावं.

या घराला पंधरा खोल्या होत्या, आणि पाच-सहा वर्षांत ते हातचं गेलं. १८३७ची मंदी आली, गिरणी बुडाली, घर गेलं. मग घरातल्या वस्तूंचा लिलाव जाहीर झाला. त्या यादीत काय काय होतं हे इडा हस्टेड हार्परने लिहिलेल्या सुझनच्या चरित्रात नोंदवलेलं आहे: लुसीला माहेरून आलेल्या लग्नातल्या भेटी, बायको-मुलींचे आतले कपडे, नवराबायकोचे चष्मे, मुलांचे खिशातले चाकू. कायद्याच्या दृष्टीने हे सगळं डॅनियलचं, म्हणून सगळं त्याच्या धनकोंचं. लुसीचा भाऊ जोशुआ रीड पुढे आला, त्याने गरजेच्या वस्तू विकत घेतल्या आणि बहिणीला परत दिल्या. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिलं. पुढे तिने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी न्यूयॉर्क राज्यभर सह्या गोळा केल्या, त्याचं मूळ कुठल्या पुस्तकात शोधायला नको.

याचे कागद शोधायला फोर्ट एडवर्ड गाठावं. ग्रिनिचहून अर्धा तास. वॉशिंग्टन जिल्ह्याच्या कारकुनाचं कार्यालय तिथे आहे. नुसत्या खरेदीखतांची सूची बघून चालत नाही. बुडालेल्या माणसाचं घर त्याच्या सहीने विकलं जात नाही, त्यामुळे देणाऱ्याच्या जागी अँथनी हे नाव नसतं. गहाणखतांच्या वेगळ्या वह्या बघाव्यात, न्यायालयीन निवाड्यांची सूची बघावी, आणि शेरीफ किंवा मास्टर इन चान्सरी या अधिकाऱ्यांच्या नावाखाली त्या दोन-तीन वर्षांतली सगळी खतं चाळावीत. कष्टाचं काम आहे, पण तिथेच सापडतं. जुन्या अक्षरात लागोपाठ दोन 'एस' आले की पहिला 'एफ'सारखा दिसतो, नावं चुकीची वाचली जातात ती इथेच.

परत येताना सेंटर फॉल्स. तेव्हा त्याचं नाव हार्डस्क्रॅबल होतं, म्हणजे कसंबसं पोट भरण्याची जागा. लिलावानंतर कुटुंब इथल्या एका जुन्या खाणावळीच्या इमारतीत राहायला आलं, १८३९ ते १८४५. जुन्या नकाशात पहिलं नाव, नव्यात दुसरं, शोधताना दोन्ही टाकावीत. डॅनियलला मीटिंगमधून शेवटी काढून टाकलं गेलं तेही याच काळातल्या एका गोष्टीवरून: गावातल्या तरुण पोरांना दारूच्या गुत्त्यापासून लांब ठेवावं म्हणून त्याने त्यांना आपल्या घरच्या माळ्यावर नाच शिकू दिला. स्वतःच्या मुलींना त्याने नाचू दिलं नव्हतं, तरी मीटिंगने माफ केलं नाही.

१८३०ची जनगणना याच जिल्ह्याच्या यादीत शोधायची. कुटुंबप्रमुख म्हणून डॅनियलचं नाव, बाकी सगळे आकडे. दहा वर्षांची सुझन '१० ते १५ वयाच्या मुली' या रकान्यातला एक आकडा आहे. १८४०लाही तीच पद्धत. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला १८५०पासून सुरुवात झाली, आणि संघराज्याच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायला १८८०पासून.

चौथा दिवस: कॅनाजोहरी

ग्रिनिचहून पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटर. १८४६ ते १८४९ सुझन इथल्या अकादमीत मुलींच्या विभागाची प्रमुख शिक्षिका होती. मामा जोशुआ रीड इथेच राहत, संस्थेच्या विश्वस्तांपैकी ते एक. १ मार्च १८४९ रोजी दारूबंदीवादी स्त्रियांच्या सभेत तिने इथे पहिलं जाहीर भाषण केलं. गावात अर्धा दिवस पुरतो. जिल्ह्याचं अभिलेखागार मात्र शेजारच्या फोंडा गावातल्या जुन्या न्यायालयात आहे, आणि ते फार चांगलं लावलेलं आहे. तिथे आधी फोन करून विषय सांगून ठेवला तर फायली काढून ठेवतात. दप्तर बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल वापरायची, फोटोला फ्लॅश नाही, हे नियम या वाटेवर बहुतेक ठिकाणी आहेत.

दुपारनंतर थ्रूवे या टोलच्या महामार्गाने रॉचेस्टर, सुमारे २७५ किलोमीटर. टोलनाक्यावर रोख घेत नाहीत, गाडीच्या नंबरावर बिल येतं. भाड्याच्या गाडीवर कंपनी वर आपला आकारही लावते, म्हणून टोलची सोय गाडी घेतानाच विचारून ठरवावी.

पाचवा दिवस: रॉचेस्टर, मामाच्या नावावरचं शेत

अँथनी कुटुंब नोव्हेंबर १८४५मध्ये कालव्याच्या बोटीने इथे आलं. ईरी कालवा शहराच्या मधून जायचा. आज त्याच्या पात्रावर ब्रॉड स्ट्रीट आहे. सकाळी त्या रस्त्याने चालत जिल्हा कारकुनाच्या कार्यालयात जावं, वेस्ट मेन स्ट्रीटवर. मनरो जिल्हा १८२१ साली ऑन्टॅरियो आणि जेनेसी जिल्ह्यांतून काढला गेला. त्याआधीचे व्यवहार हवे असतील तर ते मूळ जिल्ह्यांत शोधावे लागतात.

इथे या सबंध प्रवासातला सर्वांत बोलका कागद आहे. कुटुंब ज्या ३२ एकरांच्या शेतावर उतरलं ते घेणाऱ्यांच्या सूचीत 'अँथनी' खाली शोधलं तर १८४५ला मिळत नाही. हे शेत लुसीच्या माहेरच्या पैशातून घेतलं होतं. तिच्या नावावर घेतलं असतं तर कायद्याने ते नवऱ्याचं झालं असतं, आणि नवऱ्याचे धनको अजून दारात होते. म्हणून खत जोशुआ रीडच्या नावावर झालं. एप्रिल १८४८मध्ये न्यूयॉर्कने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला आणि त्यानंतरच शेत लुसीच्या नावावर आलं. म्हणून सूचीत आधी 'रीड, जोशुआ' घेणारा म्हणून बघावं, मग तोच देणारा म्हणून. सातबाऱ्यावर भावाचं नाव आणि कसणारी बहीण, हे आपल्याकडेही कुणाला नवं नाही. इथे मात्र नाव केव्हा आणि कोणत्या कायद्याने बदललं हे बोट ठेवून दाखवता येतं.

शेताची जागा आजच्या ब्रुक्स ॲव्हेन्यूवर, विमानतळाच्या बाजूला. घर उरलेलं नाही, शेतही नाही. तरी एक फेरी मारावी. शहराच्या मध्यापासून ते किती लांब होतं, रविवारी गुलामीतून निसटलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस आणि इतर गुलामीविरोधी मंडळी किती अंतर तोडून इथे जमत, हे कळतं. ऑगस्ट १८४८मध्ये रॉचेस्टरला झालेल्या स्त्रीहक्क परिषदेच्या जाहीरनाम्यावर आई, वडील आणि धाकटी बहीण मेरी यांच्या सह्या आहेत. सुझनची नाही, ती तेव्हा कॅनाजोहरीत शिकवत होती.

दुपार साउथ ॲव्हेन्यूवरच्या रंडेल इमारतीत, सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात काढावी. न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या जनगणना घेतल्या त्या इथे फार उपयोगी पडतात. १८५५च्या यादीत प्रमुखाशी नातं, जन्माचा जिल्हा आणि या गावात किती वर्षं राहतो हे लिहिलं आहे, म्हणजे संघराज्याच्या यादीपेक्षा २५ वर्षं आधी नातं कळतं. १८६५च्या यादीत प्रत्येक स्त्रीला किती मुलं झाली हाही रकाना आहे. तो आकडा आपल्या कागदावरच्या मुलांशी ताडून बघावा. लुसीची मुलं मोजताना सहाच नावं पटकन मिळतात: गेल्मा, सुझन, हॅना, डॅनियल रीड, मेरी आणि मेरिट. सातवी इलायझा १८३२ला जन्मली आणि १८३४ला गेली. दोन जनगणनांच्या मधे जगून गेलेलं मूल कोणत्याही यादीत येत नाही. १८९०ची यादी शोधूच नये, १९२१च्या आगीत आणि त्यानंतर ती जवळजवळ सगळी नष्ट झाली.

नावाचा एक घोळही इथेच मिटवावा. 'बी.' हे अक्षर तिला जन्मतः नव्हतं. तरुणपणी मधलं अक्षर लावायची टूम आली तेव्हा तिने ते घेतलं, कारण जिच्यावरून तिचं नाव ठेवलं ती आत्या ब्राउनेल घराण्यात दिली होती. ब्राउनेल हे पूर्ण नाव तिने स्वतः वापरलं नाही. म्हणून लहानपणच्या नोंदींत 'सुझन अँथनी' एवढंच शोधावं, आणि आत्या किंवा पुढच्या पिढीतल्या त्याच नावाच्या मुली तिच्या खात्यात जमा होत नाहीत ना, हे तारखांवरून तपासावं.

सहावा दिवस: मॅडिसन स्ट्रीट

१७, मॅडिसन स्ट्रीट. वडील १८६२ला गेले, त्यानंतर काही वर्षांनी आई आणि मुली या विटांच्या घरात आल्या. पुढे घराची मालकीण मेरी झाली. शाळेत शिकवून तिनेच घर चालवलं, म्हणून सुझनला वर्षातले आठ-आठ महिने गाडीत आणि व्यासपीठावर घालवता आले. मेरीचं नाव मोठ्याने घ्यायला हवं. संग्रहालयाची मार्गदर्शित फेरी घ्यावी आणि माळ्यापर्यंत जावं. हा तिसरा मजला १८९५ला वाढवला, तिथे बसून चरित्रलेखनाचं काम झालं. काम झाल्यावर कागदांचे ढीगच्या ढीग जाळले गेले, ही या घराची दुखरी बाजू. त्यामुळे इडा हस्टेड हार्परचं चरित्र कितीही जवळचं असलं तरी घरच्या आठवणींना मूळ कागदाचा दर्जा देऊ नये, प्रत्येक तारीख दुसरीकडे पडताळावी. रोजनिशा आणि कात्रणवह्या बचावल्या, त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या वाचता येतात.

शहराच्या जुन्या निर्देशिकेत हा पत्ता ७, मॅडिसन स्ट्रीट असा येतो. घर तेच, क्रमांक नंतर बदलले. पत्ता जुळत नाही म्हणून घर बदललं असं लिहिण्याआधी शेजाऱ्यांची नावं दोन्ही वर्षांत तीच आहेत का, हे बघावं.

१ नोव्हेंबर १८७२ रोजी ती बहिणींसह जवळच्या न्हाव्याच्या दुकानात थाटलेल्या नोंदणीकेंद्रावर गेली, मतदार म्हणून नाव घालायला लावलं आणि ५ तारखेला मत दिलं. त्या वॉर्डातल्या आणखी १४ बायकांनीही दिलं. १८ तारखेला मार्शल, म्हणजे संघराज्याच्या न्यायालयाचा अधिकारी, याच घरच्या पुढच्या दिवाणखान्यात अटक करायला आला. मतदानाच्या जागेजवळ आता स्मारक आहे, आणि मधल्या छोट्या बागेत ती आणि डग्लस चहा घेत बसले आहेत असा पुतळा आहे. घर ते मतदानकेंद्र हे अंतर पायी चालावं, काही मिनिटांचंच आहे.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि १८८९ साली त्यांचं त्या देशावरचं मराठी पुस्तक निघालं. इथल्या बायकांच्या चळवळी आणि संस्था यांची खबर मराठी घरात पोचली ती अशी, त्याच दशकात, मराठीतून.

सातवा दिवस: कॅनन्डेग्वा आणि माउंट होप

सकाळी आग्नेयेला ५० किलोमीटर कॅनन्डेग्वा. खटला रॉचेस्टरला चालायचा होता, पण तिने मनरो जिल्ह्यातल्या गावोगावी जाऊन भाषणं दिली, म्हणून सरकारी वकिलाने तो इथे हलवला. मग तिने या जिल्ह्यातही गावं पिंजून काढली. घुमटाचं न्यायालय मेन स्ट्रीटवर उभं आहे. १७ आणि १८ जून १८७३ला न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांच्यापुढे सुनावणी झाली. तिला स्वतःची साक्ष देऊ दिली नाही, आणि ज्यूरीला विचार करू न देता दोषी ठरवायला सांगण्यात आलं. दंड १०० डॉलर आणि खर्च. तो तिने कधीच भरला नाही. भरेपर्यंत तुरुंगात ठेवा, असा हुकूम न्यायमूर्तींनी मुद्दाम दिला नाही, कारण तसं झालं असतं तर तिला वरच्या न्यायालयात जायची वाट मिळाली असती.

या खटल्याची फाइल मात्र इथल्या जिल्हा अभिलेखागारात मागू नये. खटला संघराज्याच्या न्यायालयाचा होता, इमारत तेवढी जिल्ह्याची. मूळ कागद नॅशनल आर्काइव्ह्जच्या न्यूयॉर्क शहरातल्या शाखेत आहेत, आणि दंड माफ करावा म्हणून जानेवारी १८७४मध्ये काँग्रेसकडे केलेला अर्ज वॉशिंग्टनला. आरोपपत्राची प्रत आधीच छापून न्यावी आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर वाचावी. ॲडम्सपासून इथपर्यंत तिचं नाव वडिलांच्या, मामाच्या, जावयाच्या आड शोधावं लागलं. सरकारने गुन्हेगार म्हणून लिहिलेल्या या कागदात ते सरळ, पूर्ण आणि पुन्हा पुन्हा आलं आहे, आणि शेजारी कंसात तिचा गुन्हा: ती स्त्री आहे.

दुपारी परत रॉचेस्टरला, माउंट होप स्मशानात. हे १८३८ला सुरू झालं, जागा डोंगराळ आहे, रस्ते वळणावळणाचे, फोनवरचा नकाशा आत गोंधळतो. कार्यालयातून छापील नकाशा घ्यावा आणि विभाग सी शोधावा. डग्लस विभाग टीमध्ये आहे, चालत बरंच लांब. दफनाच्या जुन्या वह्या रॉचेस्टर विद्यापीठाने डिजिटल केल्या आहेत. त्यात तारखेनुसार शोधावं, नावानुसार नाही. वहीत मृत्यूची आणि दफनाची तारीख वेगळी असते, आणि दगडावरची तिसरी निघाली तर वहीच ग्राह्य धरावी. भूखंडावर कोण कोण आहे याची यादी मागून घ्यावी. दगड नसलेलं माणूस त्या यादीत सापडतं.

सुझन १३ मार्च १९०६ला गेली, मेरी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. दोघींचे दगड बुटके, पांढरे, साधे आहेत, क्वेकर घरातल्या मुलींना शोभतील असे. निवडणुकीच्या दिवशी बायका रांगा लावून येतात आणि 'मी मत दिलं' ही चिकटपट्टी सुझनच्या दगडावर लावतात. गोंदाने संगमरवर झिजायला लागला म्हणून २०२०पासून त्या दिवसांत दगडावर पारदर्शक आवरण घालतात. पट्टी लावायची असेल तर त्या आवरणावरच लावावी. फोटो मात्र इतर दिवशी, सकाळच्या तिरप्या उन्हात काढावा, तेव्हा अक्षरं नीट वाचता येतात.